एक टन म्हणजे एक ग्रॅम: एलएसटी मॉडेलच्या कामाच्या नोंदी

१० जून २०२४

मासेमारीची पावसाळी बंदी लागली. तांडेलाची होडी शाकारून वर चढली आणि तो रोज दुपारी माझ्या पडवीत येऊन बसू लागला. अलिबागच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर होतो आम्ही. तो दर्यावर गेला, मी मुंबईला जहाजांच्या ड्रॉइंग ऑफिसात. छत्तीस वर्षं रेघा ओढून आता परत गावी आलोय.

आज त्याला एक फोटो दाखवला. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी एलएसटी, म्हणजे रणगाडे उतरवणारं जहाज. नाळेचे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचे, दोन्ही दरवाजे दोन्हीकडे उघडलेले, मधून फळी खाली पडलेली, आणि रणगाडा सरळ पुळणीवर.

"हे कुठून आलं?"

"अमेरिकेतून. अटलांटिक ओलांडून."

"मग फोटो खोटा आहे. सपाट बूड दर्यात टिकत नाही आणि खोल बूड पुळणीवर चढत नाही. दोन्ही एका होडीत मागू नको."

मी हसलो, पण त्याचं चूक नव्हतं. १९४१ मध्ये ब्रिटिशांनी अमेरिकेकडे नेमकं हेच मागितलं होतं. फ्रान्समधल्या डंकर्कहून माघार घेताना सैनिक आणले, जड सामान सगळं तिथंच राहिलं. परत युरोपात उतरायचं तर रणगाडे बंदराशिवाय उतरवता आले पाहिजेत. व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवरासाठी बांधलेली उथळ बुडाची तीन तेलवाहू जहाजं कापून-जोडून त्यांनी तात्पुरतं भागवलं, पण तेवढ्याने युद्ध निभणार नव्हतं.

ज्या माणसाने याचं उत्तर कागदावर काढलं तो जॉन नीडरमायर. वॉशिंग्टनला नौदलाच्या जहाज विभागात प्राथमिक आराखड्यांचं काम बघणारा, गणवेश नसलेला अभियंता. तांडेलाला म्हटलं, पैज लाव, बंदी उठेपर्यंत याचं मॉडेल करतो, मग तूच ठरव.

१२ जून

प्रमाण ठरलं, १:१००. कारण आळशीपणाचं आहे. एलएसटीची लांबी ३२८ फूट, म्हणजे जवळजवळ बरोबर १०० मीटर. मॉडेल एक मीटर. रुंदी ५० फूट, मॉडेलमध्ये १५२ मिलिमीटर. भाकड हिशेब वाचला.

खरी गंमत वजनाची. लांबी शंभर पट कमी केली की घनफळ दहा लाख पट कमी होतं. म्हणजे जहाजाचा एक टन इथे एक ग्रॅम. शर्मन रणगाडा साधारण ३० टनांचा, माझ्याकडे तो ३० ग्रॅमचा. रिकामं जहाज अंदाजे १,६५० टन, तेव्हा मोटर, बॅटरी, पंप सगळं धरून माझं मॉडेल १,६५० ग्रॅमच्या वर जाता कामा नये. बायकोचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा तात्पुरता ताब्यात घेतला आहे. तात्पुरता हा शब्द तिने दोनदा उच्चारला.

१३ जून

भिंतीवर चिकटवलेले आकडे, मॉडेलच्या मापात:
पुळणीला लागताना नाळेकडे पाण्यात ९.४ मिलिमीटर, वरामाकडे (मागच्या टोकाला) २९.
भरसमुद्रात पूर्ण भरलेलं असताना नाळेकडे २५, वरामाकडे ४३.

पहिल्या ओळीतला फरक बघा. एक मीटर लांबीत सुमारे दोन सेंटिमीटर, म्हणजे १:५०. जहाजाचं बूड मुद्दाम पुळणीच्या उताराइतकं तिरकं ठेवलेलं आहे. नाळ वाळूला टेकते तेव्हा मागचं बूडही वाळूच्या जवळ आलेलं असतं, जहाज नाकावर लटकत नाही. एवढी एक गोष्ट कळली आणि मी तासभर काही कापलंच नाही, नुसता आकड्यांकडे बघत बसलो.

२२ जून

मधला भाग तयार झाला, तीन दिवसांत. सनबोर्डच्या सरळ पट्ट्या, काटकोनातले पडदे, म्हणजे आतल्या भिंती, कडांना थोडा गोलवा. जहाजाच्या मधल्या मोठ्या लांबीत आडवा छेद बदलतच नाही, तोच तो आकार पुढे ढकलत न्यायचा.

हे सोपेपण आपोआप आलेलं नाही. समुद्राकाठची मोठी गोदी तेव्हा विमानवाहू जहाजं आणि विनाशिकांनी भरलेली होती. एलएसटी मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या त्या देशाच्या पोटात, ओहायो आणि इलिनॉय नद्यांच्या काठावर, इव्हान्सव्हिल, सेनेका, अँब्रिज अशा गावांत. त्यांना मक्याच्या शेतातल्या गोद्या म्हणत. बांधणारे बरेचसे पूल बांधणाऱ्या कंपन्यांचे लोक. गर्डर जोडणारा माणूस सपाट प्लेट झकास जोडतो, दोन दिशांना वाकलेली प्लेट मात्र त्याला घाम फोडते. म्हणून वाक जिथे टाळता येईल तिथे टाळलेला. जहाज तयार झालं की नदीत आडवं घसरवायचं, डोलकाठी आडवी करून पुलांखालून मिसिसिपीने न्यू ऑर्लिन्सपर्यंत न्यायचं, आणि तिथे डोलकाठी उभी करायची.

१३ जुलै

नाळ. तीन आठवडे गेले आणि अजून संपलेली नाही. सरळ भागाला तीन दिवस आणि या सहा इंचांना तीन आठवडे! नाळ बोथट आहे, भाकरीच्या कडेसारखी, आणि त्या बोथटपणात दोन दरवाजे आणि आत पाणी अडवणारी फळी बसवायची. खऱ्या जहाजात वाट १४ फूट रुंद. माझ्याकडे ४३ मिलिमीटर. बिजागरीसाठी पितळी खिळे, पॅकिंगला सायकलच्या ट्यूबची चकती.

तांडेलाने मोजपट्टी लावल्यासारखं बघितलं. "पठाण कुठाय?" म्हणजे बुडाखालचा उभा कणा.

"नाही. सपाट आहे."

"मग वाऱ्याने बाजूला सरकणार."

सरकायचंच. वेगही १२ नॉट म्हणजे यथातथाच. एलएसटी या अक्षरांचा खलाशांनी 'लार्ज स्लो टार्गेट', म्हणजे 'मोठं, मंद निशाण' असा अर्थ लावला होता. जहाजांना नावंही दिली नव्हती, नुसते क्रमांक.

२१ जुलै

इंजिन. खऱ्या जहाजात जनरल मोटर्सची ५६७ मालिकेतली दोन डिझेल इंजिनं, प्रत्येकी ९०० अश्वशक्तीची. मुळात ती आगगाडीची. युद्धात टर्बाइनचे गिअर कापणारी यंत्रं तुटपुंजी, सगळी विनाशिकांकडे लागलेली. मग जे आधीच कारखान्यात ओळीने निघतंय ते घ्यायचं. याच मालिकेतली इंजिनं पुढे आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-४ लोकोमोटिव्हमध्ये आली. माझ्याकडे नातवाच्या मोडक्या मोटारीतल्या दोन मोटरी आहेत. त्याही जे निघतंय ते घेऊनच.

ब्रिटिशांनी पुढे स्वतःची एलएसटी बांधली तेव्हा त्यांना अमेरिकी डिझेल मिळेना, म्हणून वाफेची इंजिनं घालावी लागली. त्यांपैकीच एक १९४९ मध्ये भारतीय नौदलात आलं, 'मगर' या नावाने. नाव ज्याने सुचवलं त्याला सलाम. जबडा उघडून काठावर पडून राहणारं दुसरं काय असतं?

४ ऑगस्ट

बंदी उठली, तांडेल गेला. मॉडेल अजून अर्धं. पैज अधांतरी.

गच्चीवर विटा आणि ताडपत्रीची टाकी केली, तीन मीटर लांब. पाऊस ती फुकट भरतोय.

११ ऑगस्ट

आज फजिती.

पाण्याची टाकी, म्हणजे जहाज खोल बसवायला भर म्हणून घ्यायच्या पाण्याची, मॉडेलच्या पोटात बसवली होती. माशांच्या काचपेटीतले दोन छोटे पंप, एक आत पाणी घेणारा, एक बाहेर टाकणारा. समुद्रात जाताना पाणी भरायचं, जहाज खोल बसतं. किनाऱ्याशी आलं की उपसायचं, जहाज वर येतं. एलएसटीचं मर्म हेच. नातवाने बटण दाबलं, पाणी आत येऊ लागलं, मॉडेल छान खाली बसू लागलं. टाकी अर्धी भरली असेल नसेल, मॉडेलने डावीकडे मान टाकली आणि सरळ आडवं झालं.

"आबा, बुडालं!"

बुडालं नाही, कलंडलं. आणि का ते मला त्याच क्षणी कळलं, म्हणून जास्त लाज वाटली. मी टाकी पूर्ण रुंदीची एकच ठेवली होती. अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी जहाज जिकडे झुकेल तिकडे धावतं आणि त्याला आणखी झुकवतं. हा धोका टाकीच्या रुंदीच्या घनाने वाढतो. मधोमध एक उभा पडदा घातला की तो चौथाईवर येतो, दोन घातले की नवव्या हिश्शावर. आकडेमोड करून पाहिली: मॉडेलला सरळ ठेवणारी उंची चार सेंटिमीटरच्या आत होती, आणि माझी एकसंध टाकी साडेपाच सेंटिमीटर खात होती. कलंडणारच.

हे मी नवख्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं आहे. एका ठिकाणी (नाव सांगत नाही) एका बार्जच्या ड्रॉइंगवरून असाच पडदा पुसला गेला होता, वजन वाचवण्यासाठी. धक्क्याला बांधलेली बार्ज चाचणीच्या वेळी अशी झुकली की साहेबांचा चष्मा पाण्यात गेला. पडदा दुसऱ्या दिवशी परत आला.

१२ ऑगस्ट

रात्रभर पाऊस. दोन पडदे चिकटवले, अरल्डाइट वाळेपर्यंत काही करता येत नाही, म्हणून नीडरमायरबद्दल लिहून ठेवतो.

जन्म १८९३. न्यूयॉर्कची वेब संस्था ही जहाजबांधणीची शाळा, तिथून १९१८ मध्ये बाहेर पडला आणि न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत लागला. सप्टेंबर १९२५ मध्ये एस-५१ नावाची पाणबुडी एका प्रवासी जहाजाच्या धडकेने बुडाली, सुमारे ४० मीटर खोल. ती वर काढायचं ठरलं. पाणबुडे खाली जाऊन दोर अडकवणार, मोठी पिंपं बांधणार, हवा भरून पाणी हुसकणार. पण कुठल्या कप्प्यातलं किती पाणी काढल्यावर ती किती उचलली जाईल, कुठलं टोक आधी उठेल, हे कोणीतरी कागदावर मांडायला हवं. त्या कामात नीडरमायर होता. पाणबुडीचं नाक एकदा अवेळी वर आलं आणि सगळं परत खाली सोडावं लागलं. शेवटी जुलै १९२६ मध्ये ती निघाली. दोन वर्षांत एस-४ बुडाली, तिच्याही कामात हाच.

म्हणजे एखाद्या पोलादी नळकांड्यात पाणी कुठे आहे, ते सरकलं तर काय होईल, याचा विचार करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. वरवर पाहता रणगाडे उतरवण्याशी याचा काय संबंध? पण पाणी आत घेऊन खाली जायचं आणि बाहेर टाकून वर यायचं, हे पाणबुडीचं काम. एलएसटीने तेवढंच उचललं, फक्त पूर्ण बुडायचं नाही.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. तांडेल नारळ वाहून आला तो थेट गच्चीवर. टाकी अर्धी भरली, मॉडेल सरळ राहिलं. पूर्ण भरली, खाली बसलं. उपसली, वर आलं. त्याने तीन वेळा करायला लावलं.

मग म्हणाला, "ह्या दोन होड्या आहेत. एक पाणी घातलेली, एक काढलेली."

मी काही बोललो नाही. पैजेबद्दल तोही बोलला नाही.

८ सप्टेंबर

गणपती. काम बंद. विसर्जनाच्या तराफ्याला बुडाशी पाण्याचे ड्रम लावावेत का यावर मंडळात माझं मत विचारण्यात आलं आणि नंतर दुर्लक्षिण्यात आलं.

२९ सप्टेंबर

डोलण्याची चाचणी. मॉडेल एका बाजूला दाबून सोडलं, दहा हेलकाव्यांना सात सेकंद. म्हणजे एकाला ०.७. प्रमाण १०० असलं तरी वेळ त्याच्या वर्गमुळाने, दहापट बदलतो. तर जहाजाला सात सेकंद. त्या आकाराच्या प्रवासी जहाजाचा हेलकावा याहून बराच संथ असतो. रुंद, सपाट, उथळ जहाज कलंडायला कठीण, पण त्याच कारणाने ते झटक्याने सरळ होतं, आणि आतल्या माणसाची आतडी गळ्याशी येतात. एलएसटीवरच्या लोकांनी याच झटक्यांना शिव्या घातल्या आहेत. नीडरमायरला हे ठाऊक नसणं शक्यच नाही. १:५० आणि उथळ बूड ही अट पाळल्यावर हेलकाव्याला काही द्यायला त्याच्याकडे शिल्लक नव्हतं.

१३ ऑक्टोबर

डेकवर वाऱ्याच्या नळ्या उभ्या केल्या, जुन्या रिफिलच्या. आतल्या रणगाडा-कप्प्यात वीसएक इंजिनं एकदम सुरू झाली तर धुराने माणसं आडवी होतील, ही भीती होती. म्हणून १९४२ मध्ये केंटकीतल्या फोर्ट नॉक्सच्या लष्करी तळावर, समुद्रापासून शेकडो मैल आत, त्या कप्प्याच्या मापाची एक इमारतच बांधली. आत रणगाडे नेले, इंजिनं चालू केली, आणि पंख्यांच्या जागा बदलत बसले. इमारत आजही उभी आहे. जहाजाआधी जहाजाचं घर बांधणारे लोक मला फार आवडतात.

४ नोव्हेंबर

काल भाऊबीज झाली, घर पाहुण्यांनी भरलेलं, मी माळ्यावर पळालो. आजची तारीख मुद्दाम धरून ठेवली होती.

४ नोव्हेंबर १९४१. ब्रिटिशांची मागणी जहाज विभागातल्या कॅप्टन कॉक्रेन यांनी नीडरमायरच्या हातात दिली. काही तासांत त्याने कागदावर एक ढोबळ आकृती काढली: नाळेला दरवाजे, आत लांब कप्पा, मागे इंजिन, बुडात पाणी घेण्याच्या टाक्या. दुसऱ्या दिवशी ती ब्रिटिशांकडे गेली आणि त्यांनी ती उचलून धरली. त्या कागदापासून युद्ध संपेपर्यंत १,०५१ जहाजं झाली.

ठरवलं, आपणही एक दुपार बसायचं. मागणी तांडेलाकडून घेतली होती: तीस फुटी होडी, ओहोटीला पुळणीवर लागणारी, भरतीला दोन टन मासळी आणि बर्फ घेऊन सुटणारी, चौघांत ढकलता येणारी. दुपारी दोनला बसलो. घड्याळ समोर.

तीन वाजता छान वाटत होतं. चार वाजता बर्फाची जागा आणि इंजिनाची जागा एकच निघाली. पाच वाजता लक्षात आलं की चौघांत ढकलायची तर इंजिनच नको. सहा वाजता हातात मधला छेद, खोडरबरचा चुरा आणि तांडेलाला विचारायच्या अकरा प्रश्नांची यादी होती. त्यातला पहिला: "दोन टनांऐवजी सव्वा टन चालेल का?"

नीडरमायरच्या त्या आकृतीतही सगळं बरोबर नव्हतं, हे इथे लिहिलंच पाहिजे, नाहीतर मला झोप लागणार नाही. लांबी २८० फूट धरली होती. पुढे ती आधी २९० झाली, मग थेट ३२८. भार जास्त लांबीवर पसरला तेव्हाच जहाज पुळणीसाठी पुरेसं उथळ तरंगू लागलं. पण बदलली ती मापं. मांडणी तीच राहिली. जून १९४२ मध्ये पहिलं बूड टाकलं गेलं आणि वर्ष संपताना २३ जहाजं नौदलात होती.

१० नोव्हेंबर

पुळणीचा उतार मोजला. पाण्याची पारदर्शक नळी, दोन काठ्या, नातू. वर नारळीच्या बाजूला वाळू चांगली चढती आहे. पण ओहोटीच्या रेषेकडे ५० मीटर चालून गेलं तर अर्धा मीटरही उतार भरला नाही. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत लोक चालत जातात ते उगीच नाही. १:५० साठी घडलेलं जहाज इथे किनाऱ्यापासून खूप दूर टेकेल आणि रणगाड्याला मधलं पाणी तुडवावं लागेल.

हाच अनुभव त्यांना इटलीच्या किनाऱ्यावर येणार होता. म्हणून जुलै १९४३ मध्ये सिसिलीला जाताना एलएसटींनी तरंगत्या पोलादी पेट्यांचे लांब पूल सोबत नेले. जहाज टेकलं की पूल पुढे सोडायचा.

१६ नोव्हेंबर

पौर्णिमेची उधाणाची भरती-ओहोटी. पहाटे साडेपाचला मी, तांडेल, नातू, एक बॅटरी आणि एक मीटरचं जहाज. आत शिशाचे पंधरा तुकडे, प्रत्येकी ३० ग्रॅम, तांडेलाच्या जाळ्याचे. पुळणीला लागताना एलएसटीने ५०० टनांच्या आत माल ठेवायचा असतो, माझे ४५० झाले.

किल्ल्याच्या आडोशाला पाणी थोपलेलं होतं. तरी पाच सेंटिमीटरची लाट आली की माझ्या लोकांसाठी ती पाच मीटरची. टाकी भरून बाहेर सोडलं. झटके देत, पण सरळ गेलं. वळवलं, पंप लावला. नाळ हळूहळू वर आली. काठापासून वीसेक हात असताना मागचा नांगर टाकला. खऱ्या जहाजात हा नांगर वरामाच्या विंचवर असतो, किनाऱ्याला लागण्याआधी टाकतात आणि परत निघताना त्याच्यावर स्वतःला ओढून घेतात. माझा गरीच्या रिळाचा.

मग ते टेकलं. पुळणीवर नाही, तिच्या आधीच्या एका वाळूच्या वरवंट्यावर. दरवाजे उघडले, फळी पडली ती चार सेंटिमीटर पाण्यात. म्हणजे चार मीटर.

"गेला तुझा रणगाडा," तांडेल म्हणाला, आणि खिशातली चपटी काठी काढून फळीपासून कोरड्या वाळूपर्यंत पाण्यावर ठेवली. सिसिलीबद्दल मी त्याला काहीही सांगितलेलं नव्हतं.

नातवाने शिशाचा एक तुकडा काठीवरून ओढत नेला. पोचला.

तेवढ्यात उरलंसुरलं पाणी सरकलं आणि जहाज वाळूवर कोरडं बसलं. बूड सपाट, म्हणून सरळ बसलं, पाटावर बसावं तसं. नॉर्मंडीला जून १९४४ मध्ये असंच केलं. आधी भीती होती की भरलेलं जहाज असं वाळूवर टेकवलं तर कण्यातून वाकेल. करून पाहिलं, वाकलं नाही. मग ओहोटीबरोबर ओळीने टेकवायची, गाड्या कोरड्या पायांनी उतरवायच्या, जखमींना त्याच रणगाड्यांच्या कप्प्यात घ्यायचं, आणि भरतीची वाट बघायची.

आम्हीही वाट बघितली. थर्मासमधला चहा संपला. सहा वाजून गेल्यावर पाणी परतलं. बुडाखाली आधी नुसती ओल, मग एक पातळ पट्टी, मग मागचा भाग किंचित हलला. रीळ गुंडाळायला सुरुवात केली. नांगर घसरला, परत धरला, आणि जहाज मागे आलं.

तांडेल उठून वाळू झटकत म्हणाला, "त्या सव्वा टनाचं बघू. दीड कर."

१७ नोव्हेंबर

उजवी मोटर खाऱ्या पाण्याने जाम. खिळ्यांच्या बिजागऱ्या हिरव्या पडल्या. डाव्या दरवाजाच्या पॅकिंगमधून ४० ग्रॅम पाणी आत आलं होतं, म्हणजे ४० टन; चकती बदलायची. काटा स्वयंपाकघरात परत दिला, त्यात वाळू आहे असं कळलं.